गिट: ‘फेऱ्या.सीएसव्ही’ एकाच फोल्डरमध्ये दोनदा का दिसते?

गिट हे फाइलींतल्या बदलांचा इतिहास सांभाळणारे सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरेसे जुने आहे आणि कुठल्याही संगणकावर बसते. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिले आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो ते सांभाळतात. ते चांगले आहे की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. गोव्यात पर्वरी किंवा फोंड्यातल्या चार-सहा जणांच्या ऑफिसात मजकूर मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तिन्हींत येतो, फाइलींची नावे बिनदिक्कत देवनागरीत असतात आणि जून उजाडला की लाईट जाते. अशा ठिकाणी गिट जसे डाउनलोड होते तसे वापरून चालेल का, हे पाहायचे होते. चालत नाही. चार-पाच सेटिंग बदलली की मात्र पाचपैकी चार गुण नक्की. पाचवा का कापला ते पुढे येईलच. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन, लहान अक्षरांत.)

सुरुवात सोपी आहे. फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’, मग फाइल तयार करून ‘गिट अ‍ॅड’, मग ‘गिट कमिट’, म्हणजे बदलांची नोंद इतिहासात टाकणे. नवखा माणूस अडखळतो तो अ‍ॅड आणि कमिट यांच्यामध्ये. अ‍ॅड म्हणजे ‘ही फाइल यापुढे सांभाळ’ असे नव्हे, तर ‘ही फाइल या क्षणी जशी आहे तशी पुढच्या कमिटसाठी बाजूला काढून ठेव’. अ‍ॅड केल्यावर त्याच फाइलमध्ये आणखी दोन ओळी बदलल्या आणि सरळ कमिट केला, तर त्या दोन ओळी कमिटमध्ये जात नाहीत. ‘गिट स्टेटस -एस’ हे नेमके दाखवते. प्रत्येक फाइलपुढे दोन अक्षरांची जागा असते: डावे अक्षर बाजूला काढलेल्या प्रतीचे, उजवे समोरच्या फाइलचे. दोन्हीकडे ‘एम’ दिसला की समजायचे, पुन्हा अ‍ॅड करायचे राहिले आहे. दोन प्रश्नचिन्हे म्हणजे गिटला ती फाइल अजून माहीतच नाही. एका फाइलमधले अर्धेच बदल घ्यायचे असतील तर ‘गिट अ‍ॅड -पी’. ते एकेक तुकडा दाखवून हो-नाही विचारते. ही एक सोय अंगवळणी पडली तरी कमिट वाचण्यासारखे होतात.

रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही. त्याच्या लेखी फोल्डर म्हणजे केवळ फाइलच्या मार्गाचा भाग. ‘अपलोड्स’सारखे फोल्डर सर्व्हरवर लागणारच असेल, तर त्यात ‘.गिटकीप’ नावाची रिकामी फाइल टाकतात. नावात जादू काही नाही, कोणतीही फाइल चालते.

आता देवनागरी. ‘गोवा’ नावाने सुरू होणारी फाइल तयार करून स्टेटस पाहिले, तर पडद्यावर नावाऐवजी उलट्या तिरप्या रेषा आणि ३४०, २४४, २२७ असे आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते आणि गिट तेच बाइट अष्टमान पद्धतीत छापते. वरचे तीन आकडे म्हणजे एकटा ‘ग’. उपाय एका ओळीचा आहे: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’. यानंतर नावे वाचता येतात. मात्र बऱ्याच टर्मिनलांत मात्रा-वेलांट्या सुट्या पडलेल्या दिसतात. तो टर्मिनलचा दोष, गिटचा नव्हे. लांब नावांचा सोस असेल तर हेही ध्यानात ठेवा: लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जाते.

खरी गंमत त्यापुढे आहे. फेरीबोटींचे वेळापत्रक ठेवणाऱ्या साइटवर ‘फेऱ्या.सीएसव्ही’ ही फाइल आहे असे समजा: पणजी–बेती, रायबंदर–चोडण वगैरे. एकाने ती बदलली, दुसऱ्याने बदलली, आणि रेपोमध्ये (गिट सांभाळत असलेल्या फोल्डरमध्ये) अचानक त्याच नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या. नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी. कारण आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. ‘फेऱ्या’ आणि ‘फेर्‍या’ हे शब्द इथे मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतीने टाइप केले आहेत. पहिला १८ बाइटचा, दुसरा २१. माणसाला फरक दिसत नाही आणि गिटला साम्य दिसत नाही. तिसरा प्रकारही आहे, तो जुन्या मॅक डिस्कवरचा: ऱ फोडून र आणि खालचे टिंब वेगळे साठवले जाते. त्यासाठी मॅकवर गिट ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ हे सेटिंग आपण होऊन चालू करते, त्यामुळे तिसऱ्याचा त्रास कमी. पहिल्या दोघांसाठी मात्र कुठलेच सेटिंग नाही. पाचवा गुण इथे कापला.

निदानासाठी मघाचे कुरूप आकडेच कामाला येतात. ‘गिट -सी कोअर.कोटपाथ=ट्रू एलएस-फाइल्स’ चालवा. ज्या नावात ३४२, २०० आणि २१५ हे तीन आकडे लागोपाठ आहेत, त्यात अदृश्य जोडचिन्ह दडलेले आहे. ३४०, २४४, २६१ दिसले तर तो खरा ऱ. मग दोन्ही फाइली शेजारी उघडून मजकूर एकत्र करा, ठेवायची ती ठेवा आणि दुसरी ‘गिट आरएम’ने काढा. नाव हाताने टाइप करू नका. आपला कळफलक ज्या पद्धतीचा र देतो, तीच फाइल उडेल. आकड्यांशिवायच्या साध्या ‘गिट एलएस-फाइल्स’ यादीतून माउसने उचलून चिकटवा. पुन्हा होऊ नये म्हणून ऑफिसात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की थेट ऱ मिळतो. काही फोनेटिक कळफलक जोडचिन्ह घालतात, तेव्हा एकदा तपासून घ्या. जोडचिन्हाचे नाव दिसताच कमिट अडवणारी हुक स्क्रिप्टही (गिट आपोआप चालवते ती छोटी आज्ञावली) लिहिता येते. पण ‘.गिट’ या रेपोतल्या लपलेल्या फोल्डरच्या आतल्या हुक क्लोनबरोबर, म्हणजे रेपोची प्रत उतरवताना, जात नाहीत. त्या रेपोमधल्या एका साध्या फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येक यंत्रावर ‘कोअर.हुक्सपाथ’ तिकडे वळवावा लागतो.

यावर ‘मग नावे रोमनमध्येच ठेवा की’ असे उत्तर मिळते. कोडच्या फाइलींसाठी ते बरोबरच आहे. पण परिपत्रके, अर्ज, मजकुराच्या प्रती अनेकदा देवनागरी नावांनी येतात, आणि दर वेळी नाव बदलून मूळ कागदाशी असलेला दुवा तोडणे हा काही उपाय नव्हे.

मजकुराच्या बाबतीत गिट छान वागते. मराठी परिच्छेद बहुधा एका लांबलचक ओळीत असतो, त्यामुळे साधा डिफ (आधी-नंतरचा फरक) अख्खा परिच्छेद लाल आणि अख्खा हिरवा दाखवतो. ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ लावा. ७.१५चे ७.२० झाले असेल तर तेवढेच दिसेल. शब्द मोकळ्या जागेवरून तोडले जातात, म्हणून देवनागरीला काही इजा होत नाही. ‘--कलर-वर्ड्स=.’ हा अक्षरागणिक डिफ मात्र टाळा, तो अक्षरापासून मात्रा वेगळी करतो. एखादी साधी मजकूर फाइल गिट ‘बायनरी’ म्हणत असेल, तर ती यूटीएफ-१६मध्ये साठवलेली असण्याची शक्यता दाट. जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ हा पर्याय निवडला की हेच होई. यूटीएफ-८मध्ये पुन्हा सेव्ह करा. युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर आधी रूपांतरित केल्याशिवाय रेपोत आणूच नये, डिफमध्ये नुसती रोमन खिचडी दिसते.

नाव बदलण्यासाठी ‘गिट एमव्ही’ आहे, पण गिट ‘नाव बदलले’ अशी नोंद कुठेच करत नाही. एक फाइल गेली, दुसरी आली आणि दोघींचा मजकूर निम्म्याहून अधिक जुळतो, यावरून ते नंतर अंदाज बांधते. म्हणून नाव बदलणे आणि आतला मजकूर ढवळणे एकाच कमिटमध्ये करू नका. नाहीतर ‘गिट लॉग --फॉलो’ जुना इतिहास शोधू शकत नाही. विंडोजवर कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने होणारा गोंधळ प्रसिद्ध आहे. देवनागरीला तो रोगच नाही, तेवढा तरी फायदा.

‘.गिटइग्नोर’ म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी. तिच्याबद्दल एकच गोष्ट, पण ती महागात पडते. आधीच कमिट झालेल्या फाइलवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल चुकून गेली, मग इग्नोरमध्ये लिहिली, तरी ती जातच राहते. ‘गिट आरएम --कॅश्ड’ने तिला यादीतून काढा. ती आपल्या यंत्रावर राहते, पण सहकाऱ्याने किंवा सर्व्हरने पुल करताच (नवे बदल ओढून घेताच) तिथली प्रत पुसली जाते. सर्व्हरवर आधी त्या फाइलची प्रत बाजूला ठेवा, मगच पुल करा. आणि जुन्या कमिटमध्ये तो पासवर्ड आहेच, तेव्हा पासवर्ड बदला. फाइल का दुर्लक्षित होते हे कळत नसेल तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ नियमाची ओळ दाखवते.

हरवलेल्या कामाचे काय? कमिट झालेले सहसा ‘गिट रिफ्लॉग’मध्ये सापडते. कमिट न करता ‘गिट रिस्टोअर’ मारले तर बदल गेले, विचारणा नाही, कचरापेटी नाही. त्या फाइलवर मधे कधी अ‍ॅड झाले असेल तर आशा आहे: ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ अनाथ प्रती ‘.गिट’मधल्या ‘लॉस्ट-फाउंड’ फोल्डरात काढून ठेवते. नावे नसतात, उघडून ओळखाव्या लागतात.

लाईट. कमिट होत असताना वीज गेली की ‘.गिट/ऑब्जेक्ट्स’मध्ये, जिथे गिट सगळा मजकूर साठवते, शून्य बाइटच्या फाइली उरू शकतात, आणि पुढच्या आज्ञेला ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ असे उत्तर येते. लिनक्सवर गिट सुट्या ऑब्जेक्ट डिस्कवर पक्क्या उतरेपर्यंत थांबत नाही, वेगासाठी. २.३६ आवृत्तीपासून ‘कोअर.एफसिंक’ हे सेटिंग आले आहे. ते ‘ऑल’ ठेवा. कमिट किंचित मंद होतो, पण पावसाळ्यात हा सौदा परवडतो. प्रसंग आलाच तर आधी अख्ख्या ‘.गिट’ फोल्डरची प्रत काढा. मग ऑब्जेक्टमधल्या रिकाम्या फाइली तेवढ्या काढा, ‘गिट फेच’ करा आणि ‘गिट एफएससीके --फुल’ने तपासा. ब्रँचचे (कामाच्या स्वतंत्र प्रवाहाचे) टोकच गेले असेल तर ‘.गिट/लॉग्स/हेड’च्या (यातले ‘हेड’ मोठ्या अक्षरांत) शेवटच्या ओळींत आधीच्या कमिटचा ४० अक्षरी क्रमांक असतो. ‘इंडेक्स.लॉक’ उरले म्हणून गिट अडून बसले, तर दुसरी गिट प्रक्रिया चालू नाही याची खात्री करून ती फाइल पुसा. रेपो क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे लाईट न जाताही असेच होते.

नेट तुटणे हा दुसरा पावसाळी विकार. अर्धवट तुटलेला क्लोन पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू करावा लागतो. ‘--डेप्थ १’ किंवा ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ लावून ओझे कमी करा. काणकोणच्या शाखेत नेटच नसेल तर ‘गिट बंडल क्रिएट काम.बंडल --ऑल’. सगळा इतिहास एका फाइलीत, पेनड्राइव्हवर टाका आणि तिकडे त्याच फाइलवरून क्लोन करा. या सोयीचा बोलबाला जितका व्हायला हवा तितका नाही. मोठ्या स्कॅनपासून सावध: रेपो ठेवण्याची वेबसाइट गिटहब ५० एमबीला इशारा देते आणि १०० एमबीपुढची फाइल घेतच नाही. पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट करूनही पुश (कमिट वर चढवणे) अडतोच, कारण मागच्या कमिटमध्ये ती असते.

ऑफिसचे काम मुख्यतः वर्ड फाइली, नकाशे आणि फोटोशॉपचे असेल तर गिटच्या नादी लागू नका. दोघांनी एकाच वेळी बदललेले चित्र मर्ज, म्हणजे एकत्र, होत नाही. तिथे सबव्हर्जन (एसव्हीएन) हे याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर आणि विंडोजवर त्याचे टॉर्टॉइज एसव्हीएन सरस ठरते. रिकामे फोल्डर ते सांभाळते आणि फाइलला कुलूप लावता येते. एक जण काम करत असताना दुसऱ्याला फाइल नुसती वाचता यावी, यासाठी फाइलवर ‘एसव्हीएन:नीड्स-लॉक’ हा गुणधर्म लावायला विसरू नका. तो नसेल तर फाइल सगळ्यांना लिहिता येते, आणि कुलूप दुसऱ्याकडे आहे हे कळते ते दिवसभराचे काम करून कमिट करताना.