शनिवारच्या दोन तासांत काय घ्यावं : परसबाग की दुरुस्ती?

राज्यातल्या शाळांत दप्तराविना उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ पहिली ते आठवीला लागू झाला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला वर्षातले दहा दिवस दप्तराविना दिलेच आहेत. म्हणजे वेळ आहे. त्या वेळात मुलांच्या हाताला काय द्यायचं, यावरची चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते : परसबाग, नाहीतर दुरुस्तीचा तास. (तिसरं नाव बालबाजाराचं. तो मौजेचा आहे, जरूर भरवा. पण भेळेची चटणी आईने रात्रीच वाटून दिलेली असते आणि हिशेब बाई जुळवून देतात, म्हणून त्याला इथे धरलेलं नाही.)

खरं तर निवड करायची वेळच येऊ नये. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम ही हाताच्या कामातून शिकवणारी संस्था सुरू केली. तिथून शाळांमध्ये गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी चारही कामं करतात, तीही गावाच्या उपयोगाची. तेवढी जागा, माणसं आणि आख्खा दिवस हाताशी असेल तर चारही घ्या. बहुतेक शाळांकडे मात्र दोन तास, तीसेक मुलं आणि एक शिक्षक असतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

परसबागेचं गणित सोपं दिसतं. पाच-पाच मुलांचे सहा गट, प्रत्येकाला तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफा. रुंदी यापेक्षा वाढवू नये, मुलांचा हात मधोमध पोचत नाही आणि मग पाय आत पडतो. मेथी महिनाभरात निघते, पालक सव्वा महिन्यात, मुळा दीड महिन्यात. धने रगडून दोन फाकी करूनच पेरायचे. बी फेकून पेरलं की मुलांना बरं वाटतं, पण पंधरा दिवसांनी खुरपताना तण कुठलं आणि कोथिंबीर कुठली हे कळत नाही, दोन्ही उपटलं जातं. बोटाने रेघ मारून ओळीत पेरावं. रेघेबाहेर उगवलं ते तण, हे दुसरीच्या मुलालाही कळतं.

इथवर ठीक. माझा पाय अडतो तो पाण्यापाशी.

एका वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण एक बादली पाणी लागतं. सहा वाफे, सहा बादल्या, रविवारसकट. पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागतो, पहिला आठवडा छान चालतो. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात पेरलेली रोपं बोटभर होतात आणि दिवाळीची सुट्टी लागते. वर ऑक्टोबरचं ऊन. सुट्टीनंतर मुलं येतात तेव्हा दोनच शक्यता उरलेल्या असतात : वाफा वाळलेला असतो, किंवा शिपाईमामांनी नाहीतर खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी रोज पाणी घालून तो जगवलेला असतो. पहिल्यात मुलाच्या पदरी पडतं ते एवढंच, की राबलो आणि वाया गेलं. दुसऱ्यात बाग छान दिसते, स्पर्धेत नंबरही येतो, पण ती मुलांची राहत नाही. दोन इंच पालापाचोळा अंथरला तर दोन-तीन दिवस निभावतात, पंधरा नाही. टाकीला ठिबक जोडलं तर बाग वाचते, फक्त मुलांच्या वाट्याला तोटी उघडायचं काम उरतं.

दिवाळीनंतरच पेरावं, हा त्यावरचा शहाणपणाचा तोडगा. पण मग हिशेब मांडून बघा. जुलैच्या झडीत मेथी सडते, मार्चपासून परीक्षा, पुढे मे. खरी परसबाग नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. त्यात एखादं पीक फसलं तर दुसऱ्यांदा हातात माती यायला बराच काळ जातो.

दुरुस्तीच्या तासाला सुट्टी आडवी येत नाही. सायकलचं पंक्चर घ्या. सहा गटांना प्रत्येकी टायर उचकटायचे दोन लिव्हर, कानशीचा किंवा खरखरीत पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्युशनची (पॅच चिकटवायच्या द्रावाची) छोटी नळी आणि पॅच. पंप तीन पुरतात, पाण्याची घमेली तीन. जुन्या ट्यूबा सायकलच्या दुकानात मागितल्या तर मिळतात. आधी तीन शनिवार त्या सुट्या ट्यूबांवरच हात बसवावा, मग चाकाला हात लावावा.

चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी घाईची. सोल्युशन पातळ लावून चार-पाच मिनिटं थांबायचं, बोट टेकवलं तर चिकटता कामा नये, मग पॅच. ओल्यावर दाबलेला पॅच हवा भरली की कडेने उचलला जातो. दुसरी चूक, घासायचा कंटाळा. ट्यूबची चकाकी गेली नाही तर काहीच धरत नाही. तिसरी खाशी आहे : ट्यूब नीट जोडली, पण टायरमधला बाभळीचा काटा तसाच राहिला. पाच मिनिटांत त्याच जागी पुन्हा फुस्स. टायर आतून फडक्याने चाचपायचा, उघड्या बोटाने नाही. एवढं करूनही हवा गेली तर व्हॉल्ववर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं.

माझ्या मते तराजू इथे झुकतो. पंक्चर निघालं की नाही हे ट्यूब सांगते, बाईंच्या ‘छान’ची वाट बघावी लागत नाही. आणि फसलं तर त्याच तासात पॅच ओरबाडून पुन्हा लावता येतो. वर्गात कायम मागे बसणारी मुलं इथे पुढे सरकतात, असं पुष्कळदा दिसतं. मोजून दाखवता येणार नाही, पण तास संपल्यावर घमेल्याभोवतून कोण हलत नाही यावरून कळतं.

पंक्चरनंतर बटण, शर्टाची उसवलेली शिवण, मग थ्री-पिन प्लग. प्लगचं काम वीज न जोडता करायचं. वायर बरोबर पिनला गेली का, हे दोन पेन्सिल सेल आणि पांढऱ्या एलईडीने तपासता येतं. लाल एलईडी असेल तर मध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर जळतो. अर्थिंगची पिन लांब का, हे मुलं स्वतःच विचारतात. ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

त्रास इथेही आहे. सोल्युशन पेट घेतं आणि वासाने डोकं धरतं, त्यामुळे काम व्हरांड्यातच. पाचवीच्या खाली देऊ नये. गावातल्या पंक्चरवाल्या दादांना मानधन देऊन बोलवावं, मात्र आधीच सांगावं : हात मागे बांधून शिकवायचं. नाहीतर ते दोन मिनिटांत स्वतःच काढून देतात आणि मुलं टाळ्या वाजवतात.

पहिली ते चौथीची शाळा असेल, कुंपण धड असेल, शेळ्या-कोंबड्या आत येत नसतील आणि नळ वाफ्यापासून वीस पावलांत असेल, तर परसबागच घ्यावी. पालक आपल्याच खिचडीत पडतो हे लहानांना मोठं वाटतं. तिथेही सुट्टीचा जाच नको असेल तर हात धुण्याच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू, कोरड्या कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता लावून टाकावेत. मूळ धरलं की शेवगा आणि कढीपत्ता मे महिना थोडक्या पाण्यावर काढतात. मेथीचे वाफे दोनच ठेवावेत, दिवाळीनंतर.