हॅकिन्टॉश, दीड वर्षानंतर: सगळं चालतं, पण नीट झोपतं का ते आधी विचारा

माझं हॅकिन्टॉश, म्हणजे स्वतः जुळवलेल्या साध्या पीसीवर ॲपलची मॅकओएस चालवणारं मशिन, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलून परवा घरी आलं. त्यावरून जो वाद झाला, त्यामुळे हे लिहायला बसले आहे.

एसएमपीएस वॉरंटीत असतानाच गेला. बिल जपून ठेवलेलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अख्खा कॅबिनेट मागवला. तिथल्या मुलाने दुसरा एसएमपीएस लावून मशिन चालू केलं, पडद्यावर सफरचंद दिसलं आणि तो म्हणाला, "मॅडम, हा डुप्लिकेट मॅक आहे. ह्याला वॉरंटी बसत नाही."

मी म्हटलं, "दादा, एसएमपीएसचं काम बारा व्होल्ट द्यायचं. पुढे कुठली ऑपरेटिंग सिस्टम चालते याचा त्याच्याशी काय संबंध? वॉरंटी कार्डावर तसं कुठे लिहिलंय ते दाखवा." ते काही त्याला दाखवता येईना. मग माझा एसएमपीएस टेबलावर ठेवला आणि २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला पेपरक्लिपने जोडून दाखवली. चांगला एसएमपीएस असला तर सहसा एवढ्यावर पंखा फिरतो. माझ्याचा हलला नाही. आतून त्यांचे साहेब आले, त्यांनी बिल पाहिलं आणि दुसरा दिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर बिघडलेला पार्टच न्या, आणि अख्खं मशिन मागितलं तर मॅकओएसची डिस्क आधी काढून ठेवा.

आता मुद्द्याचं. मी ऑडिओबुकचं ध्वनिसंपादन करते आणि माझी सगळी मदार ॲपलच्या लॉजिक प्रो या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर आहे. संगणकांमध्ये लॉजिक फक्त मॅकवर चालतं. माझं जुनं २०१५ सालचं आयमॅक मॉन्टेरीवर अडकलं, कारण त्यापुढची मॅकओएस ॲपलने त्या मॉडेलला दिलीच नाही, आणि लॉजिकच्या नव्या आवृत्त्या जुन्या मॅकओएसवर चढत नाहीत. म्हणून हे मशिन जुळवलं: इंटेलचा दहाव्या पिढीचा आय५-१०४००, बी४६० चिपसेटचा बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. बरेचसे पार्ट सेकंडहँड, सगळं मिळून ४५,०००च्या आत. ओपनकोअर या बूटलोडरवर (बिगर-ॲपल मशिनवर मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्राम) सिक्वोया, म्हणजे २०२४ची मॅकओएस, चालते आणि मशिन स्वतःची ओळख 'आयमॅक २०,१' अशी सांगतं. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर टाकायची परवानगी आहे. हे माहीत असूनच मी हे केलं आहे, आणि करणाऱ्या प्रत्येकाला ते आधी माहीत असावं.

पार्ट निवडताना नवं ते चांगलं हा हिशेब इथे लागू होत नाही. ॲपलने आयमॅकमध्ये वापरलेली इंटेलची शेवटची पिढी दहावी. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला मॅकओएसमध्ये ड्रायव्हरच नाही. एनव्हिडियाची मॅक्सवेल आणि पास्कल कार्डं हाय सिएरा या २०१७च्या मॅकओएसपर्यंतच चालली. एएमडीमध्ये आरएक्स ६६०० चालतं, त्याच्याहून महाग ६७०० एक्सटी थेट चालत नाही आणि ७००० मालिका तर अजिबातच नाही. ६६०० लावल्यावर बूट होऊन पडदा काळा राहिला तर घाबरू नका, ओपनकोअरच्या बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना दिलेल्या सूचनांत) 'एजीडीपीमॉड=पिकेरा' (agdpmod=pikera) घाला. वायफायच्या भानगडीत मी पडलेच नाही. घरात लॅनची वायर आहे आणि बोर्डावर इंटेलची आय२१९-व्ही ही लॅनची चिप आहे, ती इंटेलमाउसी या ड्रायव्हरवर मुकाट चालते.

इथपर्यंतचं सगळं कुठेही वाचायला मिळेल. माझा सगळा जीव अडकला तो झोपेत, म्हणजे मशिनच्या स्लीपमध्ये.

एखाद्या पुस्तकाचा प्रोजेक्ट उघडला की त्यात प्रकरणागणिक ट्रॅक, त्यावर नॉइज रिडक्शन, ईक्यू, कम्प्रेसर. तो बंद करून पुन्हा उघडायचा म्हणजे काही मिनिटं जातात आणि कान जिथे होता ती जागा हातची जाते. निवेदकाच्या श्वासाचा आवाज किती कमी करायचा हे ठरवत असताना मध्येच स्वयंपाकाला उठावं लागलं, तर परत आल्यावर कर्सर तिथेच हवा. 'शट डाउन करत जा की' असं मला अनेकांनी सांगितलं. त्यांच्या कामाला ते चालत असेल. रात्रभर जागं ठेवणंही परवडत नाही. प्लगमध्ये मीटर लावून बघितलं: नुसतं चालू असताना ५० वॅट, झोपल्यावर ३. रोज १४ तास उगाच जागं राहिलं तर महिन्याला २१ युनिट, म्हणजे दहा रुपये दराने वर्षाला अडीच हजार. फुकट जाळायला एवढे पैसे माझ्याकडे नाहीत.

तर, मशिन झोपायचं आणि पंखे थांबतात न थांबतात तोच जागं व्हायचं. टर्मिनलमध्ये पीएमसेट या कमांडने झोपण्या-उठण्याचा लॉग काढला की कारणापुढे दरवेळी एकच शब्द, 'एक्सएचसी', म्हणजे यूएसबी कंट्रोलर. यातली मेख अशी की मॅकओएस एका कंट्रोलरवर १५च पोर्ट मानते, आणि बाहेरून दिसणारं एक निळं यूएसबी ३ भोक तिच्या हिशेबात दोन पोर्ट असतं, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या. शिवाय बोर्डाच्या आतले हेडर, ब्लूटूथ, लाइटिंगचा कंट्रोलर हे सगळे त्याच रांगेत उभे. त्यामुळे कुठले १५ ठेवायचे ते आपण ठरवून मॅप करून द्यावं लागतं. मी विंडोजवर यूएसबीटूलबॉक्स हे पोर्ट नोंदवणारं टूल चालवून प्रत्येक भोकात आधी यूएसबी २चा, मग यूएसबी ३चा पेनड्राइव्ह घालून यादी केली. ब्लूटूथचा पोर्ट त्यात साध्या बाहेरच्या पोर्टासारखा नोंदला गेला होता. तो बदलून २५५, म्हणजे 'अंतर्गत', केला आणि त्या संध्याकाळी मशिन पहिल्यांदा झोपून झोपलेलंच राहिलं.

मग रात्री अधूनमधून आपोआप जागं होणं सुरू झालं. ते पॉवर नॅप (झोपेतच मेल वगैरे तपासायची मॅकओएसची सोय) आणि नेटवर्कवरून येणारी जाग दोन्ही बंद केल्यावर थांबलं. शेवटचा त्रास माझ्या धंद्याचा: जाग आल्यावर यूएसबी ऑडिओ इंटरफेस दिसायचा, पण आवाज यायचा नाही, वायर काढून परत लावावी लागायची. पुढचा पोर्ट सोडून तो थेट मागच्या बाजूच्या पोर्टात लावला आणि मॅपमध्ये त्या भोकाचा फक्त यूएसबी २चा भाग ठेवला. तेव्हापासून स्पेसबार दाबला की लॉजिक जिथे थांबलं होतं तिथून वाजायला लागतं. एवढ्यासाठी मी इतका वेळ घातला, आणि तो वसूल झाला असं मनापासून वाटतं.

गेल्या वर्षीपर्यंत मी ओळखीच्या प्रत्येकाला 'असंच एक बांध' असं सांगायचे. आता नाही सांगत. जून २०२५मध्ये ॲपलने जाहीर केलं की टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस, आणि सप्टेंबरमध्ये ती आली. तिच्यातून ॲपलएचडीए हा ड्रायव्हरच काढलेला आहे. बोर्डावरचा आवाज चालवणारं ॲपलएएलसी त्याच्याच खांद्यावर उभं होतं, त्यामुळे टाहो टाकली की मागचं हिरवं जॅक मुकं. जुना ड्रायव्हर सिस्टीममध्ये परत घालणारे आहेत, पण त्यासाठी सिस्टीमच्या फायली कोणी बदलू नयेत म्हणून ॲपलने लावलेलं सील मोडावं लागतं आणि अपडेटनंतर तेच पुन्हा करावं लागतं. यूएसबी इंटरफेसला या ड्रायव्हरची गरज नसते, म्हणून माझं काम टाहोवरही अडलं नसतं. तरी मी सिक्वोयावरच आहे. ॲपल आजवर साधारणपणे चालू आणि त्याआधीच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट देत आलं आहे. त्या हिशेबाने सिक्वोयाला २०२७च्या पावसाळ्यापर्यंत तरी काळजी नाही. आणि इतक्या खटपटीने लागलेली झोप मोडायची माझी तयारी नाही.

दुसऱ्या बाजूला एम४ मॅक मिनी. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झाला तेव्हा १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेजला ५९,९०० रुपये. माझ्या मशिनपेक्षा वेगवान, आवाज जवळजवळ नाही, वीज नाममात्र खातो आणि झोपतो तो पहिल्या दिवसापासून. पण २५६चं ५१२ करायला तेव्हा २०,००० जास्त लागायचे, आणि माझी एका पुस्तकाची कच्ची रेकॉर्डिंगच डिस्कचा बराच भाग खातात. मी आणखी एक एसएसडी कॅबिनेटमध्ये स्क्रूने बसवते आणि विषय संपतो. वाचलेले पैसे मला अशाच ठिकाणी दिसतात.

म्हणून ज्याच्या घरात दहाव्या पिढीचं मशिन आधीच पडलंय आणि फक्त कार्ड घ्यायचंय, त्याने जरूर करावं. ज्याला आज सगळं नव्याने विकत घ्यायचंय, त्याने पैसे साठवून मिनी घ्यावा. हे लिहायला सुरुवात केली तेव्हा मी पाचातले साडेचार तारे देणार होते. टाहोबद्दलचा परिच्छेद लिहिल्यावर चार करते आहे. तो अर्धा तारा बोर्डाचा किंवा कार्डाचा नाही, पुढे रस्ता नाही याचा आहे. लॉजिकने सिक्वोया सोडली की हेच मशिन लिनक्सवर जाईल आणि मुलाच्या अभ्यासाला लागेल. आरएक्स ६६०० तेव्हाही त्याच्या गेमला पुरेल.

करणारच असाल तर मॅकओएस टाकायच्या आधी विंडोजवर यूएसबी मॅप तयार करून घ्या. ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा. आणि चालणारं ईएफआय फोल्डर (ज्यात ओपनकोअर आणि त्याची सगळी सेटिंग्ज असतात) एका पेनड्राइव्हवर वेगळं ठेवून, त्यावरून मशिन खरंच बूट होतं का ते एकदा तपासून बघा.