गॅमा कॅमेरा की एक्स-रे मशीन? वेल्ड टेस्टिंग सुरू करणाऱ्यांसाठी

बडोद्याजवळच्या सावली गावात फॅब्रिकेशन शॉप टाकणाऱ्या दोघांनी गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत मी सहा वर्षं इरिडियमचा गॅमा कॅमेरा ठेवला होता, म्हणजे जाड कवचाच्या पेटीत इरिडियमचा किरणोत्सर्गी तुकडा, ज्याला आम्ही सोर्स म्हणतो; आता विजेवरचं एक्स-रे मशीन वापरतो. दोन्हींनी वेल्डच्या आतला फोटो फिल्मवर निघतो. दोन्हीचे कॅटलॉग तुम्ही वाचलेच असतील, ते सोडून देतो.

कामाला गॅमा बरा, हे आधीच कबूल करतो. लाइट नको, पाणी नको. गाईड ट्यूबचं, म्हणजे सोर्स ज्यातून बाहेर सरकतो त्या नळीचं, टोक वेसलच्या (टाकीच्या) मधोमध आणलं की गोल सीमचा सगळा पट्टा एका शॉटमध्ये निघतो. पाइप रॅकवर जिथे माणूसच कसाबसा पोचतो, तिथे एक्स-रेचं हेड एकदा चढवून बघा. शिवाय हे मशीन भारी नखरेल. शेजारी वेल्डिंग सेट सुरू झाला की आमचं ट्रिप होतं, पाच मिनिटं चालवलं की पाच मिनिटं थांबायचं, चार दिवस बंद राहिलं तर आधी वॉर्मअप. फिल्म मात्र एक्स-रेचीच छान. पातळ प्लेटवरची इरिडियमची फिल्म आमच्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर व्ह्यूअरवर ठेवायचा आणि काही न बोलता बाजूला सारायचा.

इरिडियम-१९२ चं अर्धआयुष्य ७४ दिवसांचं, म्हणजे तेवढ्यात सोर्सचा जोर निम्म्यावर येतो. नव्या सोर्सवरचा १० मिनिटांचा शॉट अडीच महिन्यांत २० मिनिटांवर जातो आणि रात्रपाळी लांबते. तेही मी चालवून घेतलं असतं.

मला नडलं ते वेगळंच. एका एप्रिलमध्ये आमच्या आरएसओला, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला, आखातात नोकरी लागली. त्याचं काही चुकलं नाही, मीही गेलो असतो. पण आरएसओ नाही म्हणजे काम ठप्प, आणि सोर्स मात्र पिटमध्ये, म्हणजे तो ठेवायच्या कुलूपबंद खड्ड्यात, तसाच चालू. त्याला बंद करायचं बटण नसतं. नवा माणूस मिळेपर्यंत सात आठवडे गेले. रोज संध्याकाळी दांडिया बाजारातून स्कूटरवर मकरपुऱ्याला जायचं, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरची बॅटरी तपासायची, पिटच्या चारी बाजूंनी रीडिंग घ्यायचं, दोन्ही कुलपं ओढून बघायची, वहीत सही. भाच्याच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी पंगत सोडून पिटवर. बायको म्हणाली, "सासूबाईंच्या आजारपणात एवढ्या फेऱ्या मारल्या असत्यात तर!"

मी गेलो नसतो तर कुणाला कळलं असतं का, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कॅगने २०१२ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामाचं ऑडिट केलं, त्यात औद्योगिक रेडिओग्राफी आणि रेडिओथेरपी या जास्त धोक्याच्या दोन्ही प्रकारांत तपासण्यांची तूट ८५ टक्क्यांच्या आसपास निघाली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी दिल्ली विद्यापीठातलं वापराबाहेर पडलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण भंगारात विकलं गेलं आणि तिथल्याच मायापुरीत त्याच्या किरणोत्सर्गाने एकाचा जीव गेला. आता परवाने आणि सोर्सची ने-आण मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावी लागते, त्यामुळे कागद बराच सुधारला आहे. पण देशभर विखुरलेले कॅमेरे बघायला तपासणारी माणसं पुरायची कशी? पोर्टल काही कुलूप ओढून बघायला येत नाही. ते तुमच्याच गळ्यात. माणसांची हीच टंचाई आपल्या शॉपवाल्यांच्या बाजूलाही आहे, प्रशिक्षित आरएसओ मिळत नाहीत, आणि ती खिशाला जास्त लागते.

परवाना, आरएसओ, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा टीएलडी बॅज एक्स-रेलाही लागतात, त्यातून सुटका नाही. फरक एवढाच की माणूस सोडून गेला तर मशीनची चावी कपाटात टाकून मी घरी जातो. दिवाळीचे चार दिवस शॉपकडे फिरकत नाही.

अर्थात तुमचं बहुतेक काम रिफायनरीच्या साइटवर असेल, प्लेट जाड असेल आणि आरएसओ घरचाच माणूस असेल, तर माझं ऐकू नका, गॅमाच घ्या. शॉपमधलंच काम असेल तर मला वाटतं एक्स-रे पुरे. माझ्याकडे वर्षाला आठ-दहा जाड जॉब येतात, ते मी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतो. थोडे पैसे जातात. त्यांचा आरएसओ त्यांच्याबरोबर येतो, आणि शॉट संपले की सोर्स त्यांच्याच गाडीतून परत जातो.