लोगो टेम्प्लेटचा, घाट वाराणसीचा आणि इन्स्टाग्राम खातं एजन्सीच्या नंबरवर

नाशिकमधल्या एका कॉलेजच्या मुलांनी तीन एकांकिकांचा तिकीट लावून प्रयोग ठरवला. कालिदास कलामंदिरची तारीख मिळाली, तालमी सुरू झाल्या आणि जाहिरातीचं सगळं काम शहरातल्या एका ब्रँडिंग एजन्सीला दिलं. पॅकेज ४५ हजारांचं. त्यात लोगो, पोस्टर, तिकिटाचं डिझाइन, ९० सेकंदांचा प्रोमो, सहा रील आणि एक लाख व्ह्यूजची हमी. प्रयोगाचा आठवडा उजाडला तेव्हा मुलांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक जेपीजी होती, यूट्यूबवर ब्लॉक झालेला प्रोमो होता आणि ज्याचा पासवर्ड त्यांच्याकडे नाही असं इन्स्टाग्राम खातं होतं. तोवर ३८ हजार रुपये देऊन झाले होते.

एजन्सीचं नाव इथे देत नाही. एकांकिका, गॅदरिंग, फॅशन शो, अंतिम वर्षाची प्रदर्शनं यांच्यासाठी जे कोणी अशी कामं बाहेर देतात, त्यांनी नेमकं काय तपासायचं एवढ्यासाठीच हे लिहिलं आहे.

सुरुवात झाली ती मॉकअपने. पहिल्याच भेटीत लॅपटॉपवर एक देखणं प्रेझेंटेशन दाखवलं. लोगो टी-शर्टवर, लोगो मगवर, लोगो भल्यामोठ्या होर्डिंगवर. मुलं हरखली आणि तिथल्या तिथे २० हजार अ‍ॅडव्हान्स गेला. मॉकअपच्या तयार फाइल्स मिळतात. त्यात चित्र टाकायला दोन मिनिटं लागतात, आणि लोगो कोणी काढलाय, कसा काढलाय, हे त्यातून काहीच कळत नाही. मुखवटा आणि ज्योत असलेला हा लोगो नंतर गुगल लेन्समध्ये टाकला तर तोच मुखवटा, तीच ज्योत तयार डिझाइन देणाऱ्या एका टेम्प्लेट साइटवर निघाली. खालचं नाव तेवढं बदललेलं.

ज्याने लोगो खरंच काढला असेल त्याच्याकडे कच्ची पेन्सिल स्केचेस असतात, निदान दोन-तीन वेगळ्या कल्पना असतात, एकरंगी आवृत्ती असते. पैसे देण्याआधी तीच मागा. मग इलस्ट्रेटरची एआय (.ai) किंवा एसव्हीजी फाइल उघडून ८०० टक्के मोठी करून बघा. कडा गुळगुळीत राहिल्या तर व्हेक्टर आहे, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फुटणारं चित्र. चौकटी-चौकटी दिसल्या तर कुठूनतरी उचललेलं चित्र त्या फाइलमध्ये नुसतं चिकटवलं आहे.

हक्कांची बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे पैसे देऊन बनवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक बनवून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. लोगोचं तसं नाही. तो काढणाऱ्याचा राहतो आणि तुमच्याकडे यायला लेखी, सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं. या मुलांच्या कोटेशनमध्ये सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: सर्व फुटेज आणि डिझाइनचे हक्क एजन्सीकडे राहतील. म्हणजे फिल्मवर कायद्याने जो हक्क मिळाला असता, तोही त्या ओळीवर सही करून गेला. टेम्प्लेटच्या लोगोचा हक्क तर एजन्सीलाही देता आला नसता, कारण तो तिचा नव्हताच.

पोस्टरची कथा वेगळी. ५०० प्रती छापून आल्या आणि ‘एकांकिका’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर पडलेली. ‘नाट्य’मधला ‘ट्य’ सुटून पाय मोडलेला ‘ट्’ आणि ‘य’ वेगवेगळे झालेले. एजन्सीने बोट छापखान्याकडे दाखवलं. छापखान्याचा यात काडीचा संबंध नव्हता, त्याच्याकडे सपाट जेपीजी गेली होती, तिच्यातली अक्षरं तो बदलूच शकत नाही. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी नीट जुळायला वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन हा पर्याय सुरू करावा लागतो. तो बंद असेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा सोडतात. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं, म्हणून प्रोमोमधली शीर्षकं एकेक थांबवून वाचा. मजकूर पक्का झाला की अक्षरं आउटलाइनमध्ये (म्हणजे फाँट नसला तरी न बदलणाऱ्या आकारांत) बदललेली पीडीएफ घ्या आणि बदलता येणारी मूळ फाइल वेगळी घ्या. मुक्ता, बलू असे मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फाँट असताना चोरलेला फाँट वापरायचं काही कारण नाही.

छपाईचं गणितही घरी करता येतं. १२ बाय १८ इंचाच्या पोस्टरला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे त्या पोस्टरवर जेमतेम ९० डीपीआय. चेहरे पुसट येणारच. फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) रंगात, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा) ठेवून, डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर मागवा. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) झगझगीत हिरवा कागदावर मळकट होतो, म्हणून ५०० छापायच्या आधी एक प्रत काढून बघा.

प्रोमोत जे केलं ते जास्त वाईट. ९० सेकंदांपैकी मुलं दिसतात ती जेमतेम २० सेकंद. बाकी धूर, पडदा, टाळ्या वाजवणारे परदेशी प्रेक्षक असं सगळं स्टॉक फुटेज, म्हणजे साइटवर तयार मिळणारी दृश्यं. ‘आपलं नाशिक’ या अक्षरांखाली रामकुंडाचा ड्रोन शॉट म्हणून जे घातलं होतं, त्यात ओळीने होड्या लागलेल्या आणि पायऱ्यांची रांग नजर पोचेल तिथवर. तो वाराणसीचा घाट होता. गोदाकाठी वाढलेल्या मुलांच्या प्रोमोत दुसऱ्या नदीचा घाट, आणि त्याचे ‘ड्रोन शूट’ म्हणून बिलात आठ हजार लावलेले.

नाशिकमध्ये ड्रोनचं नाव निघालं की लगेच सावध व्हावं. देवळालीला तोफखान्याचा तळ, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानतळ. कुठेही उडवला आणि शूट केलं असं इथे होत नाही. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते आधी पाहा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने व्यावसायिक शूट करणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं आणि ड्रोनला युनिक आयडी क्रमांक हवा. दोन्ही बिलावर लिहून घ्या आणि मूळ क्लिप मागा. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलला तारीख-वेळ असते, स्टॉक साइटवरून उतरवलेल्या फाइलच्या नावावरूनच बऱ्याचदा ती कुठली ते कळतं.

तालमीच्या हॉलमध्ये खरंच जे शूट झालं त्यात दिव्यांचे काळपट पट्टे सरकत होते. ‘हॉलच्या लाइटचा दोष आहे, रीशूट करावं लागेल’ असं सांगून आणखी सहा हजार घेतले. हा दोष कॅमेऱ्याच्या सेटिंगचा असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक साध्या दिव्यांखाली पट्टे जातात. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की येतात. पहिली क्लिप जागेवरच मोठ्या स्क्रीनवर बघितली तर हे पाच मिनिटांत लक्षात येतं. आणि एजन्सीच्या चुकीचं रीशूट एजन्सीच्या खर्चाने, हे वाक्य करारात हवं.

संगीत एका गाजलेल्या चित्रपटगीताचं लावलं होतं. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असं सांगितलं होतं. अशी सेकंदांची कोणतीही सूट कायद्यात नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि मालकाने जे ठरवलं असेल ते होतं: जाहिरातीचे पैसे त्याला जातात किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो. मालकाने थेट काढून टाकायची विनंती केली तर स्ट्राइक (अधिकृत ताकीद) येतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. इन्स्टाग्रामवर वैयक्तिक खात्याला दिसणारी गाणी पैसे लावून बूस्ट करायच्या रीलला चालत नाहीत. एकांकिकेचं पार्श्वसंगीत ज्या मित्राने केलंय, त्याच्याकडूनच ९० सेकंदांचा तुकडा लेखी परवानगीसह घ्यावा. प्रयोगाशी त्याचं नातंही असतं.

आता व्ह्यूज. एक लाखाची हमी ‘पूर्ण’ झाली. इन्स्टाग्रामच्या इन्साइट्स (कोणी, कुठून पाहिलं याची आकडेवारी) उघडून प्रमुख शहरं पाहिली तर पहिल्या पाचांत नाशिक नाहीच. तिकीट काढायला येणारा माणूस सिडको, पंचवटी, नाशिकरोड, फार तर सिन्नर-निफाडचा असतो. बाहेरच्या देशातल्या बनावट खात्यांनी बघून एकही खुर्ची भरत नाही. खरी जाहिरात केली असेल तर मेटाच्या (इन्स्टाग्रामची मालक कंपनी) अ‍ॅड्स मॅनेजरमधून पावतीची पीडीएफ निघते, तीत रक्कम, तारीख आणि मोहीम दिसते. रोजचे ३०० ते ५०० रुपये, नाशिकभोवतीचा १५-२० किलोमीटरचा परिघ आणि तिकिटाची लिंक, एवढ्यात हे काम मुलांना स्वतःच करता येतं.

शेवटचा हप्ता अडला तेव्हा एजन्सीने पासवर्ड बदलला, तोही प्रयोगाच्या चार दिवस आधी. खातं एजन्सीच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं होतं, त्यामुळे ते परत मिळवायचा मार्गच नव्हता. तिकिटाची लिंक त्याच खात्यावर. आमच्या मते सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. खातं नेहमी आपल्या नंबरवर आणि आपल्या ईमेलवर उघडा, दुहेरी पडताळणी लावा. एजन्सीला मेटा बिझनेसमधून पार्टनर म्हणून प्रवेश देता येतो आणि एका क्लिकवर काढताही येतो.

बिलावर १८ टक्के जीएसटी लावला होता, पण क्रमांक १४ अक्षरांचा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटी पोर्टलवर तो कोणालाही फुकट तपासता येतो. नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही. फ्लेक्सच्या ‘महापालिका परवानगी’चेही पैसे घेतले होते, पावती नव्हती आणि बोर्ड दुसऱ्या दिवशी उतरवले गेले. परवानगीची पावती आयोजकांच्या नावाने मागा, तिचा क्रमांक आणि मुदत बोर्डावर छापलेली असावी.

हप्ते कामाला बांधा. २० टक्के स्केचेस पाहून, ३० टक्के लोगो-पोस्टरच्या मूळ फाइल्स हातात आल्यावर. ३० टक्के शूटच्या दिवशी संध्याकाळी, सगळं कच्चं फुटेज आपल्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्यावर. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतं, डिस्क त्या हिशोबाने न्या. उरलेले २० टक्के आडवी १९२० बाय १०८०, उभी १०८० बाय १९२० आणि अक्षरांशिवायची स्वच्छ प्रत, शिवाय एडिटची प्रोजेक्ट फाइल मिळाल्यावर.

पैसे एकाच खात्यातून द्या आणि कोटेशन त्याच व्यक्तीच्या नावाने घ्या. इथे सात जणांनी आपापल्या यूपीआयवरून पैसे टाकले, तेही मालकाच्या वैयक्तिक नंबरवर, त्यामुळे तक्रारदार कोण हेच ठरेना. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. माणूस समोर आहे पण काम बोगस, असं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, नोंदवायचा तर हेतू सुरुवातीपासून खोटा होता हे दाखवावं लागतं. त्याला खोटा जीएसटी क्रमांक, न उडालेल्या ड्रोनचं बिल आणि टेम्प्लेट साइटवरच्या लोगोचा तारखेसह स्क्रीनशॉट उपयोगी पडतात. व्हॉट्सअ‍ॅप चॅट मीडियासह एक्सपोर्ट करून आधी दोन ठिकाणी ठेवा, मगच एजन्सीला नोटीस पाठवा. नोटीस पोचली की नुकतेच पाठवलेले मेसेज समोरून डिलीट होऊ शकतात.