द ओडिन प्रोजेक्ट कसा आहे? परभणीत बसून फुल स्टॅक शिकलेल्याचा रिव्ह्यू

गावाकडची बरीच पोरं विचारायलेत की दादा फुल स्टॅक डेव्हलपर (वेबसाइटचा दिसणारा भाग आन मागचा सर्व्हरचा भाग दोन्ही बनवणारा) व्हायचंय, क्लास लावू का, का पुण्याला जाऊ, म्हणून ज्याच्यावर मी शिकलो त्या द ओडिन प्रोजेक्ट या वेब डेव्हलपमेंटच्या ऑनलाइन कोर्सबद्दल नीट लिहायलो. मी परभणीतून बीएस्सी केलं, घरी बसूनच हे शिकलो आन आता संभाजीनगरात एका छोट्या कंपनीत ज्युनिअर डेव्हलपर आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, हातात थोडे पैसे असतील तर ते लॅपटॉपला लावा, क्लासच्या फीला लावू नका, शिकण्यासाठी ओडिन लय भारी आहे.

ओडिन 2013 पासून चालू आहे, सगळं मोफत आन ओपन सोर्स, म्हणजे त्याचा मजकूर सगळ्यांना खुला. आधी फाउंडेशन्स नावाचा कोर्स सगळ्यांना सारखाच, त्यात एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं दिसणं), जावास्क्रिप्ट (पान हलतं-बोलतं करणारी भाषा), गिट (कोडमधले बदल जपून ठेवायचं टूल), आन पुढं दोन रस्ते, एक जावास्क्रिप्टचा म्हणजे रिॲक्ट (दिसणाऱ्या भागासाठी) आन नोड (सर्व्हरसाठी), दुसरा रुबी ऑन रेल्सचा. आपल्याकडं फ्रेशरच्या जाहिराती बघितल्या तर जावास्क्रिप्टचाच घ्या, जास्त विचार करू नका. व्हिडिओ कमीच, जास्त करून वाचायचं असतं, त्यामुळं लाइट गेली, वायफाय बंद पडलं तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आरामात चालतं, डेटा कमी लागतो.

खरी ताकद प्रोजेक्टमध्ये आहे. एक उदाहरण सांगतो, फाउंडेशन्समध्ये एच-अ-स्केच नावाचा प्रोजेक्ट आहे, पानावर 16 बाय 16 चौकोनांची जाळी काढायची, चौकोन एचटीएमएलमध्ये हातानं टाकायचे नाहीत, जावास्क्रिप्टनं तयार करायचे, त्याच्यावरून माउस फिरला की रंग बदलला पाहिजे, आन बटन दाबलं की युजरला आकडा विचारून तेवढ्याच जागेत नवी जाळी बसवायची, जास्तीत जास्त 100. वाचायला सोपं वाटतं. करायला बसलं की ओळीतला शेवटचा चौकोन खालच्या ओळीत जाऊन पडतो, कारण बॉर्डरची जाडी रुंदीच्या वर धरली जाते, आन ते कुणी सांगत नाही, ब्राउझरमधले डेव्हलपर टूल्स उघडून एकेका चौकोनाची रुंदी बघत बसावं लागतं. बॉक्स सायझिंग, म्हणजे रुंदीत बॉर्डर धरायची का नाही ते सांगणारी सीएसएसची सेटिंग, त्या दिवशी जे डोक्यात बसतं ते परत जात नाही. प्रोजेक्टमध्ये तयार कोड उतरवायला देत नाहीत, काय बनवायचं ते सांगतात आन सोडून देतात. त्रास होतो, पण नोकरीत रोज हेच करायचं असतंय ना.

माझ्या एका दोस्तानं संभाजीनगरातल्या एका क्लासला बरीच फी भरली, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणून बोर्ड होता. सर प्रोजेक्टरवर टाइप करायचे, पोरं बघून उतरवायची, आन शेवटी सगळ्या बॅचकडं एकच शॉपिंग वेबसाइट. इंटरव्ह्यूमध्ये त्याला फक्त एवढंच विचारलं की कार्टमधली क्वांटिटी कमी होते तो कोड कुठंय दाखव, आन त्याला ती फाइलच सापडेना. पोरगा हुशार आहे हो, अजून वाईट वाटतं.

आता लॅपटॉपचं. ओडिन थेट विंडोजवर शिकवत नाही, विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लागते, मग व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) करा, ड्युअल बूट (दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर, चालू करताना एक निवडायची) करा नाहीतर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरा. 4 जीबी रॅमवर व्हर्च्युअल मशीन, ब्राउझर आन व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) एकदम चालवायला गेलं की लॅपटॉप जागेवर बसतो. जुना लॅपटॉप असला तरी रॅम 8 जीबी करा आन एसएसडी टाका, क्लासच्या फीपेक्षा कितीतरी कमी पैशात काम होतं. लिनक्सला घाबरू नका, बहुतेक सर्व्हर त्याच्यावरच चालतात, कधी ना कधी शिकायचंच आहे.

बॅकएंडला, म्हणजे मागच्या सर्व्हरच्या भागाला, एक्सप्रेस (नोडवरचं फ्रेमवर्क) आन पोस्टग्रेस (डेटाबेस) शिकवतात, म्हणजे डेटाबेसची भाषा एसक्यूएल येतं, हे मला फार आवडलं. पण आपल्याकडच्या जाहिरातींत मर्न स्टॅक मर्न स्टॅक (मोंगोडीबी, एक्सप्रेस, रिॲक्ट, नोड) म्हणून मोंगोडीबी हा वेगळा डेटाबेस मागतात, ते वेगळं करावं लागतं. त्यासाठी हेलसिंकी युनिव्हर्सिटीचा फुल स्टॅक ओपन नावाचा कोर्स करा, तोही मोफत, मोंगोडीबी तिसऱ्या भागातच येतं आन ठरलेले एक्सरसाइज पूर्ण केले की सर्टिफिकेट मिळतं. ओडिन सर्टिफिकेट देतच नाही, घरच्यांना दाखवायला कागद नाही. माझ्या मते गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) स्वतःचे सात-आठ प्रोजेक्ट असले की कागदाची तेवढी गरज पडत नाही, शेवटचा ओडिन-बुक, म्हणजे फेसबुकसारखी छोटी साइट, तो तरी अर्धवट सोडू नका.

कमी काय आहे तर सगळं इंग्रजीत. मराठी मीडियमच्या पोराला सुरुवातीचे दिवस जड जातात, एक पान वाचायला तास लागला तरी लागू द्या, तेच तेच शब्द परत येत राहतात आन हळूहळू वेग येतो. अडलं तर त्यांचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर ग्रुप आहे, पण तिथं नुसतं चालत नाही म्हणून टाकू नका, काय करून बघितलं, काय एरर आला, कोड कुठंय हे लिहिलं तर लोक मनापासून मदत करतात.

आन नोकरी शोधण्याचा जो शेवटचा भाग आहे तो बाहेरच्या देशांच्या हिशोबानं आहे. आपल्याकडं बऱ्याच कंपन्या फ्रेशरची आधी ॲप्टिट्यूड टेस्ट घेतात, टक्केवारी, काळ-काम-वेग, नळ-टाकी, आन तिथंच कितीतरी चांगले कोड लिहिणारे बाहेर पडतात. त्याची तयारी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कोडसोबतच चालू ठेवा, पुस्तकं विकत घ्यायची पण गरज नाही, गावातल्या अभ्यासिकेत एमपीएससीवाल्या पोरांकडं असतात, मागितली की देतात.