सेकंडहँड लेन्स घेताना आम्ही फसलो, तुम्ही आधी हे बघा

भाची नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीमचे फोटो तीच काढते आणि जीव ओतून काढते. तिच्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि सोबत आलेली किट लेन्स, आता बंद हॉलमध्ये पूर्ण झूम केलं की ती एफ ५.६ वर येते, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक होऊन लाइट कमी आत येतो (एफचा आकडा लहान तेवढा लाइट जास्त), उडी नीट पकडायची तर शटर १/८०० सेकंद तरी पाहिजे, मग आयएसओ (कॅमेऱ्याची लाइट पकडायची सेन्सिटिव्हिटी) इतका चढवावा लागतो की चेहऱ्यावर नुसते दाणे. म्हटलं एफ २.८ ची जुनी लेन्स बघू, चौपट लाइट मिळतो.

ऑनलाइन निकॉनची एक ८०-२०० एफ २.८ डी लेन्स सापडली. मी दोनदा विचारलं, आमची बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, डी५६०० आहे, ऑटोफोकस होईल ना? विकणारा म्हणाला, "दादा बिनधास्त घ्या, मक्खन चालते." वर व्हिडिओ पाठवला, फोकस पटापट लागतोय, आम्ही पैसे पाठवून मोकळे. त्यात तिचे साठवलेले पैसे पण होते, तेच मला जास्त लागलंय.

पार्सल आलं, पोरीने लेन्स लावली, बटण अर्धं दाबलं, काहीच नाही. परत दाबलं. "मामा, आवाजच येत नाहीये." तर या डी लेन्समध्ये मोटर नसते, माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला बसते तिथे, एक बारीक स्क्रू असतो, तो बॉडीतली मोटर फिरवते, आणि डी५६०० मध्ये ती मोटरच नाही. डी३००० आणि डी५००० सिरीजवाल्यांनी एएफ-एस लिहिलेली लेन्स घ्या, किंवा बॉडी नवी असेल तर एएफ-पी (जुन्या बॉडींवर एएफ-पी चालत नाही), यांच्यात मोटर आत असते. व्हिडिओ परत लावून बघितला तर बॉडीवर डी७२०० लिहिलंय, तिच्यात मोटर असते. म्हणजे माणसाला सगळं माहीत होतं!

मग रात्री लाइट बंद करून लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारला, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, फंगस म्हणजे बुरशी. फोन केला तर म्हणे विकलेला माल परत घेत नाही, आणि नंतर नंबर ब्लॉक.

शक्यतो स्वतःची बॉडी घेऊन जा, समोर लावून बघा, टॉर्च सोबत ठेवा. लांबून घ्यायचीच असेल तर व्हिडिओत तुमचंच मॉडेल आणि तुमच्या नावाची चिठ्ठी दिसली पाहिजे असं सांगा. सँपल फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा आला की त्यातली एग्झिफ माहिती (फोटो फाइलमध्ये दडलेली कॅमेरा, सेटिंग वगैरेची नोंद) उडते, म्हणून ओरिजिनल फाइल डॉक्युमेंट करून मागवा, कुठल्या कॅमेऱ्याने काढलाय ते लगेच कळतं.

आता तिच्यासाठी एएफ-एस ८५ एफ १.८ जी बघतोय, झूम नाही पण हॉलला पुरेल, आणि यावेळी बॉडी गळ्यात अडकवून तीच बघायला येणार आहे.