‘नवी मोटर’ आणि नेलपॉलिशचा ठिपका

माझ्या मॉडेल रेल्वेचं इंजिन एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७, साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालणारं. निघताना झोकात निघायचं आणि टेबलाच्या पलीकडच्या वळणावर दम लागल्यासारखं रेंगाळायचं. पुढचा दिवाही तिथेच मंद व्हायचा. रुळांना वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरच्या बाजूला आलं की पुन्हा पूर्ववत. दर फेरीला तीच जागा! तिथेच ओळखायला हवं होतं की दुखणं रुळात आहे. इंजिनच बिघडलं असतं तर ते सगळीकडे सारखंच हळू चाललं असतं.

ओळखीतून एक दुरुस्तीवाला मिळाला. घरी आला, पलीकडच्या वळणावर व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला. “बघा, बारा व्होल्ट. रूळ ठणठणीत. मोटर गेलीय.” आकडा समोर दिसल्यावर मी काय बोलणार? पण त्या वेळी रुळावर इंजिनच नव्हतं. करंट वाहत नसेल तर सैल जोडापलीकडेही व्होल्टेज पुरं दिसतं. इंजिन धावायला लागलं की मग पडतं. असं मोजून कुणी दाखवलं तर आधी इंजिन चालू करायला सांगा.

आठवड्याने त्याने त्याच्याकडच्या छोट्या गोल रुळावर इंजिन पळवून दाखवलं (तिथे ते पळणारच होतं) आणि नव्या मोटरचे पैसे घेतले. घरी आल्यावर तेच रडगाणं. मग म्हणे कंट्रोलर कमी पडतोय. तोही मोठा घेतला. आता पलीकडे जरा जोर आला, पण अलीकडच्या वळणावर गाडी सुसाट जाऊन कलंडली.

शेवटी कवच उघडलं. मोटरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका! कुठली वायर कुठे जाते हे लक्षात राहावं म्हणून मीच कधीतरी लावलेला. मोटर माझीच, फक्त तेलात बुडवलेली. ते तेल चाकांवरून रुळांवर उतरून काळा चिकटा झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताना तीन फडकी गेली.

मग इंजिन धावत असताना मोजलं. कंट्रोलरजवळ साडेअकरा, पलीकडे जेमतेम आठ. रूळ जोडणाऱ्या पट्ट्या सैल आणि काळ्या पडलेल्या. कंट्रोलरपासून थेट त्या वळणापर्यंत दोन वायरी नेऊन रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डरचा डाग दिला. अर्ध्या तासाचं काम. जुन्या कंट्रोलरवरच इंजिन आता सगळीकडे एकसारखं धावतंय.

त्याला फोन करून ठिपक्याचं विचारलं. म्हणाला, “मोटर चालतेय ना? मग तक्रार कसली?”